बेळगावात नवीन आलात? आधी मत इकडे आणा

चंदगड, आजरा, गडहिंग्लजकडून उद्यमबागेत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत कामाला येणारी आपली मंडळी खोली इकडे करतात आणि मत तिकडेच ठेवतात. भावकीतला कुणीतरी उभा असतो, त्या निमित्ताने घरी जाणं होतं. पण इथली गटार तुंबली की नगरसेवकाच्या यादीत तुमचं नाव नसतं, आणि ते त्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून खोलीत स्थिरावलात की आठ नंबरचा फॉर्म भरा. राज्य बदललं तरी पत्ता बदलायला तोच चालतो. दोन्हीकडे नाव ठेवणं बेकायदा आहे. भाडेकरूला इथे मत मिळत नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. स्वतःचं घर असण्याची अट कुठेच नाही.

आता कुणाला धरायचं ते. कचरा, गटार, घरपट्टी ही कामं महानगरपालिकेची. तिथे ५८ वार्ड आहेत. महापौर दरवर्षी बदलतो, त्याच्यामागे फार धावू नका. आपला नगरसेवक बरा. महापौर निवडताना आमदार-खासदारही मत देतात, तेव्हा नुसत्या नगरसेवकांच्या आकड्यावर पैजा लावू नयेत. वीज हेस्कॉमची, म्हणजे सरकारी वीज कंपनीची. कॅम्पात, म्हणजे लष्करी छावणीच्या भागात खोली घेतलीत तर महापालिकेचा संबंधच उरत नाही. तिथे कॅन्टोन्मेंट बोर्ड, आणि त्याच्यावर थेट संरक्षण मंत्रालय.

हिंडलग्यासारख्या गावात राहिलात तर ग्रामपंचायत. गावाकडे सरपंच तुम्ही थेट निवडता, इथला अध्यक्ष मात्र निवडून आलेले सदस्य आपल्यातूनच निवडतात. या निवडणुकीत पक्षांची चिन्हं नसतात. तरी कोण कुणाचा, हे चहाच्या गाड्यावर सगळ्यांना माहीत असतं. कागद हलवायला पीडीओला, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्याला भेटा.

खानापूरकडे गेलेल्यांची गंमत वेगळीच. जिल्हा बेळगाव, पण लोकसभेला मतदारसंघ उत्तर कन्नड! खासदाराला भेटायचं म्हणून बेळगावच्या खासदाराकडे जाऊन काम होणार नाही.

भाषेचं म्हणाल तर काउंटरवर कन्नडच चालतं. घटनेच्या ३५०व्या कलमाप्रमाणे गाऱ्हाण्याचं निवेदन देशात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतं, मराठीतही. हक्क आहेच, पण तो काउंटरवर बजावायला गेलात तर अर्धा दिवस जातो. मराठी अर्जाला कन्नड प्रत जोडा आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका. उत्पन्नाचा, जातीचा दाखला नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीत मिळतो. तो सकाल कायद्याखाली येतो, म्हणजे ठरलेल्या मुदतीत द्यावाच लागतो. पावतीवरचा नंबर जपून ठेवा.

आमदारांना गाठायचं तर एरवी बेंगळुरू पाचशे किलोमीटर. पण हिवाळी अधिवेशन सहसा डिसेंबरात इथेच, हलग्याजवळच्या सुवर्ण विधान सौधमध्ये भरतं. राज्यभरातल्या संघटना मागण्या घेऊन तिथे येतात. हमरस्ता तुंबतो, तेवढा वेळ हाताशी ठेवून निघा.

सीमाप्रश्नावर तुमचं मत लोक पहिल्याच आठवड्यात विचारतील. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. घाईने काही बोलू नका. निकाल लागेपर्यंत घरपट्टी इथेच भरायची आहे.

पदवीला तीन वर्षं झाली असतील तर अठरा नंबरचा फॉर्मही भरा. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाची यादी वेगळी असते आणि प्रत्येक निवडणुकीला नव्याने होते.