जुन्या गाड्या घेऊन नाशिकच्या वायनरीला जाताना : या चुका टाळा

मुंबई-ठाण्याच्या जुन्या गाड्यांच्या क्लबांना नाशिकची वायनरी हे एका दिवसाच्या सहलीसाठी सोयीचे ठिकाण वाटते, आणि ते तसे आहेही. ठाण्याहून अंतर साधारण दीडशे किलोमीटर आहे, गंगापूर धरणाच्या परिसरात एकाहून अधिक वायनरी आहेत आणि द्राक्षबागेपुढे ओळीने उभ्या केलेल्या पद्मिनी व अँबेसिडर फोटोत सुरेख दिसतात. मात्र हा फोटो डोळ्यांसमोर ठेवून सहल आखणारे त्याच त्या चुका दरवर्षी करतात, आणि त्यांतील बहुतेक चुकांचा हिशेब वाटेतल्या कसारा घाटात चुकता करावा लागतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे प्रदर्शनाला तयार असलेली गाडी प्रवासालाही तयार आहे असे समजणे. आमच्या क्लबात नव्याने आलेल्या एका तरुणाने पद्मिनीचे रंगकाम, क्रोम आणि आसने यांवर पाण्यासारखा पैसा ओतला होता. रेडिएटर मात्र मूळचाच, आतून क्षारांनी भरलेला होता, आणि ती गाडी रंगवल्यापासून शहराबाहेर पडलेलीच नव्हती. १०८९ सीसीच्या त्या लहानशा इंजिनावर चार माणसे आणि सामान लादून तो घाट चढू लागला, निम्म्या चढावर तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला आणि बॉनेटच्या फटींतून वाफ येऊ लागली. मागून येणाऱ्या अनुभवी सदस्यांनी अर्धा तास थांबायला बजावले होते. पुढच्या गाड्या निघून गेल्या या एकाच धास्तीने त्याने फडक्याने रेडिएटरचे झाकण उघडले, उसळलेल्या पाण्यातून हात थोडक्यात वाचवला आणि नंतर बर्फाच्या पेटीतील गार पाण्याच्या बाटल्या थेट रेडिएटरमध्ये रिकाम्या केल्या. तापलेल्या इंजिनाला तो धक्का सोसला नाही. इंजिनाचे हेड, म्हणजे वरचा भाग, वाकले, त्याखालचे गॅस्केट (सील) गेले, सायलेन्सरमधून पांढरा धूर निघू लागला आणि ती चकचकीत गाडी टोइंगच्या ट्रकवर चढून ठाण्याला परतली. अर्ध्या तासाची बचत करायला गेलेल्या माणसाची गाडी पुढे कित्येक आठवडे गॅरेजात उभी होती.

माझी पद्धत जुनी आणि कंटाळवाणी आहे. सहलीच्या आधी रेडिएटर उतरवून रेडिएटरवाल्याकडून आतून साफ करून घ्यावा, जुने होस पाइप (रेडिएटरच्या पाण्याच्या रबरी नळ्या) बदलावेत, आणि त्यानंतर एकदा तरी भर दुपारी शहापूरपर्यंत जाऊन यावे. सहलीच्या दिवशी घाट सुरू होण्यापूर्वी, खर्डीच्या आसपास, सर्व गाड्यांनी थांबून इंजिने निवू द्यावीत. तरीही काटा चढलाच, तर गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्यावी, बॉनेट उघडावे आणि वरचा होस पाइप हाताने सहज दाबता येईपर्यंत झाकणाला हात लावू नये. त्यानंतर इंजिन चालू ठेवून साधे पाणी थोडे थोडे ओतावे. थांबण्याची तयारी नसलेल्याने जुनी गाडी पाळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

काटा जागेवर असूनही चढावर गाडी गचके देऊन बंद पडली, तर बहुधा पेट्रोलची वाफ पंपात अडकलेली असते. अशा वेळी स्टार्टर मारत राहिल्याने बॅटरी तेवढी उतरते. पंपावर आणि नळीवर ओले फडके ठेवून पंधरा-वीस मिनिटे चहा प्यावा. इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुन्या रबरी नळ्या लवकर खराब होतात, म्हणून त्या निघण्यापूर्वीच तपासाव्यात.

घाट टाळण्यासाठी समृद्धी महामार्गाने जाण्याची सूचना हल्ली हमखास येते. इगतपुरी ते आमणे हा त्याचा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला, आणि सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यामुळे कसारा घाट वगळता येतो, हे खरे आहे. नव्या गाड्यांनी तो मार्ग खुशाल घ्यावा. परंतु जेथे इतर वाहने ताशी शंभराने धावतात तेथे साठाने रखडणारी पद्मिनी स्वतःसह मागच्यांनाही धोक्यात घालते, आणि ती बोगद्यात बंद पडली तर घाटातील वडाच्या सावलीची आठवण सर्वांनाच येते.

दुसरी चूक वायनरीच्या टेबलावर होते आणि तिच्याबद्दल बोलताना माझा संयम सुटतो. 'मी फक्त चाखतोय' असे म्हणणारा चालक प्रत्येक सहलीत असतो. एका वेळी सुमारे ३० मिलिलिटर याप्रमाणे सहा वाईन चाखल्या, तर १८० मिलिलिटर वाईन पोटात जाते. तिच्यात बारा-तेरा टक्के मद्यार्क धरला तर तो निवळायला शरीराला दोन तासांहून अधिक वेळ लागतो, आणि भरपेट जेवण, लिंबूपाणी किंवा कडक कॉफी यांनी तो वेळ कमी होत नाही. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम एवढीच आहे. पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. ज्याच्या खिशात किल्ली, त्याच्या हाती पेला नाही, हा आमचा नियम त्यामुळेच आहे.

या नियमाला बगल देणारी एक युक्ती मात्र खास जुन्या गाडीवाल्यांची आहे. एका सहलीत एका ज्येष्ठ सदस्याने 'परतताना भाचा चालवेल' असे सांगून निर्धास्तपणे चाखणी उरकली. भाच्याकडे परवाना होता, त्याने घोटभरही घेतली नव्हती, पण स्टिअरिंगवरचा गिअर त्याने जन्मात हाताळला नव्हता. वायनरीच्या फाटकापाशीच गाडी पुन्हापुन्हा बंद पडली. अखेरीस मामांचे डोके शुद्धीवर येईपर्यंत सगळा ताफा थांबला, आणि दिवसाउजेडी उतरायचा घाट आम्ही अंधारात, मिणमिणत्या दिव्यांनी, ट्रकांच्या रांगेत उतरलो. चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली गाडी सतत ब्रेक दाबून उतरवली की ड्रम तापतात आणि ब्रेक लागेनासे होतात. म्हणून उतार सुरू होण्याआधीच दुसरा गिअर टाकून वेगाला इंजिननेच आवर घालावा. न्यूट्रलवर गाडी सोडून पेट्रोल वाचवणाऱ्याला मी ताफ्यात घेत नाही. बदली चालक नेमायचा असेल, तर त्याला त्याच गाडीवर आधी सराव द्यावा आणि वायनरीतून दुपारी तीनच्या आत निघावे.

उरलेल्या चुका किरकोळ आहेत, पण दिवस नासवायला पुरेशा आहेत. रविवारी आगाऊ नोंदणीशिवाय दहा-बारा गाड्या नेल्या, तर ना वायनरी पाहण्याची फेरी मिळते ना गाड्या उभ्या करायला जागा. ड्राय डे आणि निवडणुकांच्या तारखा आधी पाहाव्यात. द्राक्षांचे घड पाहायचे असतील, तर जानेवारी ते मार्च या तोडणीच्या काळात जावे. एप्रिलमध्ये खरड छाटणी, म्हणजे तोडणीनंतरची मोठी छाटणी, झाली की बागेत नुसती खोडे आणि ओलांडे (वेलीच्या आडव्या फांद्या) उरतात, आणि मेमध्ये गेलेले लोक वायनरीवाल्यांवर उगाच चिडतात. घाटात मोबाइलचे नेटवर्क भरवशाचे नसते, त्यामुळे लाइव्ह लोकेशनवर विसंबू नये. प्रत्येकाने आरशात मागची गाडी पाहत राहावे आणि सर्वांत शेवटी अवजारे बाळगणारा जाणता माणूस असावा.

बाटल्या सकाळी घेऊन दुपारभर उन्हातल्या डिकीत ठेवणाऱ्यांच्या घरी उकडलेली वाईन पोहोचते, आणि मग ते वायनरीला नावे ठेवतात. खरेदी निघतानाच करावी, बाटल्या थर्माकोलच्या खोक्यात ठेवाव्यात आणि तो खोका मागच्या आसनाच्या पायांशी दोरीने बांधावा, कारण घाटाच्या वळणावर लोळणारी बाटली चालकाच्या पेडलखाली यायला फारसा वेळ लागत नाही.