बूट होताना डिस्कच तपासत बसणारं लिनक्स

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चादर कारखान्यांचे हिशोबाचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. रात्री लाईट गेली की सकाळी फोन ठरलेला: 'मशीन चालूच होईना, नुसतं तपासतंय.'

तपासणी चालू असताना बटण दाबून बंद करू नका. मोठ्या डिस्कला वेळ लागतोच.

रोजच तपासणी होत असेल तर मात्र कारण शोधा. सुपरब्लॉकची (पार्टिशनची मुख्य माहिती ठेवणाऱ्या भागाची) वेळ भविष्यातली आहे, असा मेसेज आला तर घड्याळ मागे पडलंय. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल बदला. मी सगळ्यात आधी तोच बघतो. मग एफएसटॅब (/etc/fstab, बूट होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्याची यादी असलेली फाइल) उघडा. ओळीतला सहावा आकडा ० म्हणजे तपासणी नाही. रूटला, म्हणजे लिनक्स असलेल्या मुख्य पार्टिशनला १, बाकीच्यांना २. काढून नेलेल्या डिस्कची ओळ तशीच राहिली तर बूट तिथंच अडकतं, ती ओळ काढा.

माउंट असलेल्या, म्हणजे जोडून वापरात असलेल्या पार्टिशनवर एफएससीकेने (fsck, डिस्क तपासून दुरुस्त करणारी कमांड) दुरुस्ती कधीच करू नका, असलेला डेटाही जाईल. लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून थेट लिनक्स चालतं) बूट करून चालवा. पार्टिशनची फाइल सिस्टिम एक्सएफएस असेल तर एक्सएफएस रिपेअर (xfs_repair) वापरा. चुका परत परत निघतायत? आधी हिशोबाची कॉपी काढा, मग स्मार्टसीटीएल (smartctl) कमांडने डिस्कची तब्येत बघा.