अमोनियम ओळखण्याची कसोटी : रीत आणि तिच्यामागचे रसायन

एखादा पांढरा, पाण्यात सहज विरघळणारा क्षार अमोनियमचा आहे की नाही हे ठरवण्यासाठी एक परीक्षानळी, थोडे विरल सोडियम हायड्रॉक्साइड, तांबड्या लिटमसची एक पट्टी आणि मंद ज्योत एवढे साहित्य पुरते. कसोटी दोन मिनिटांत होते. मात्र ती निष्काळजीपणे केली, तर मिठापासून पोटॅशियम नायट्रेटपर्यंत हवा तो क्षार अमोनियमचा ठरू शकतो. म्हणून कृतीकडे वळण्याआधी नळीत नेमके काय घडते ते पाहणे बरे.

आम्लारी म्हणजे पाण्यात हायड्रॉक्साइड आयन सोडणारा पदार्थ, अशी व्याख्या आपण आधी शिकतो आणि अमोनियापाशी अडखळतो, कारण अमोनियाच्या रेणूत ऑक्सिजनच नसतो. त्यात नायट्रोजनला जोडलेले तीन हायड्रोजन असतात आणि नायट्रोजनवर बंधात न गुंतलेली एक एकाकी इलेक्ट्रॉन जोडी असते. ब्रॉन्स्टेड आणि लाउरी यांनी १९२३ मध्ये स्वतंत्रपणे मांडलेली व्याख्या इथे अधिक उपयोगी पडते : प्रोटॉन (म्हणजे हायड्रोजन आयन) देणारे ते आम्ल आणि प्रोटॉन स्वीकारणारी ती आम्लारी. अमोनियाच्या एकाकी जोडीवर प्रोटॉन येऊन बसला की अमोनियम आयन तयार होतो, आणि तोच प्रोटॉन कोणी काढून घेतला की पुन्हा अमोनिया उरतो. द्रावणाचा सामू (pH) सुमारे ९.२५ असताना दोघे निम्मे-निम्मे असतात. सामू ७ असताना अमोनियाचा वाटा एक टक्काही नसतो, तर ११.२५ ला तो ९९ टक्क्यांवर जातो. सोडियम हायड्रॉक्साइड घालून आपण हा तोल अमोनियाच्या बाजूला झुकवतो आणि उष्णता देऊन त्याला द्रावणाबाहेर काढतो. लिटमसने जाब विचारायचा आहे तो या बाहेर पडलेल्या वायूला, नळीतल्या द्रावणाला नव्हे. कसोटीतली बहुतेक खबरदारी या एका वाक्यातून निघते.

प्रथम डोळ्यांवर संरक्षक चष्मा चढवावा. आम्लापेक्षा अल्कलीची (पाण्यात विरघळणाऱ्या आम्लारीची) डोळ्याला होणारी इजा बहुधा अधिक खोल जाते, आणि तापवताना अल्कलीचे द्रावण उसळते. कोरड्या परीक्षानळीत चिमूटभर क्षार घेऊन त्यावर साधारण २ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडचे २ मिलिलिटर द्रावण ड्रॉपरने सोडावे. ड्रॉपरचे टोक नळीत खोलवर न्यावे, म्हणजे वरच्या भिंती ओल्या होणार नाहीत. नळीच्या तोंडाला थेंब लागलाच असेल, तर तो गाळणकागदाने टिपून घ्यावा. मग लिटमसची पट्टी ऊर्ध्वपातित पाण्याने भिजवून चिमट्यात धरावी आणि नळीच्या तोंडाच्या सेंटिमीटरभर वर, कडेला अजिबात न टेकवता, ठेवावी. नळी तिरपी धरून, तिचे तोंड माणसांपासून दूर वळवून, मंद ज्योतीवर हलवत तापवावी. द्रावण कोमट झाले की पुरे, ते उकळू देऊ नये. पट्टी ओली हवी, कारण अमोनिया तिच्यातल्या पाण्यात विरघळून त्या पाण्याकडून प्रोटॉन घेतो आणि मागे उरलेला हायड्रॉक्साइड आयन रंग बदलतो. कोरड्या पट्टीवर हा व्यवहार होतच नाही.

आता पट्टी नीट पाहावी. अमोनियाने आलेली निळाई नळीकडच्या बाजूने एकसारखी चढत जाते, ढग पसरावा तशी. याउलट टाचणीच्या टोकाएवढे निळे ठिपके उमटले, किंवा कडेला टेकलेली तेवढीच रेघ निळी झाली, तर तो उडालेल्या सोडियम हायड्रॉक्साइडचा प्रताप असतो आणि ते निरीक्षण रद्द समजावे. शंका राहिली तर क्षार न घालता नुसत्या अल्कलीवर हीच कृती करून पाहावी. हा तुलनेचा प्रयोग बहुतेक जण टाळतात, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा आहे. दुसरा पुरावा हवा असल्यास हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवलेली काचकांडी नळीच्या तोंडाशी न्यावी : अमोनियम क्लोराइडच्या बारीक कणांचा दाट पांढरा धूर दिसतो. संहत आम्ल दमट हवेत स्वतःच धूर सोडते, तेव्हा ते थोडे विरल करून घेतलेले चांगले. मिथिल अमाइनसारखी लहान अमाइनेही लिटमस निळा करतात, हेही ध्यानात असू द्यावे. त्यांच्याही नायट्रोजनवर तीच एकाकी जोडी असते.

त्याच नळीत नायट्रेटही शोधता येते. नायट्रिक आम्ल तीव्र असल्याने नायट्रेट आयन पाण्यात प्रोटॉन परत घेत नाही. त्यामुळे तो आम्लारी म्हणून लिटमसला दाद देत नाही आणि त्याचे क्षपण करून, म्हणजे त्यातला ऑक्सिजन काढून व हायड्रोजन जोडून, अमोनिया बनवावा लागतो. आधीचा अमोनिया पूर्ण निघून जाईपर्यंत, म्हणजे नवी पट्टी तांबडीच राहीपर्यंत, द्रावण तापवावे व आटलेले पाणी भरून काढावे. मग ते थंड करून त्यात तांबे, ॲल्युमिनियम व जस्त यांच्या देवार्डा मिश्रधातूची चिमूट टाकावी. नळीच्या तोंडात कापसाचा सैल बोळा बसवावा, कारण जोरात फसफसताना तुषार उडतात, आणि सुटणारा वायू हायड्रोजन असल्याने जवळ ज्योत नसावी. आता पट्टी पुन्हा निळी झाली तर नायट्रेट आहे. नायट्राइटही असाच निकाल देते.

प्रमाण मोजायचे असल्यास सुटलेला अमोनिया मोजून घेतलेल्या आम्लात पकडावा आणि उरलेले आम्ल अल्कलीने अनुमापित करावे, म्हणजे ते संपवायला किती अल्कली लागते ते मोजावे. सेंद्रिय पदार्थातला नायट्रोजन मोजण्याच्या केल्डाल यांच्या १८८३ च्या पद्धतीतही शेवटी अमोनियाच मोजला जातो. समजा, ६० मिलिग्रॅम अमोनियम क्लोराइडच्या नमुन्यातला अमोनिया ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाच्या २५ मिलिलिटरमध्ये शोषला आणि उरलेल्या आम्लाला ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडचे १५ मिलिलिटर लागले. म्हणजे १० मिलिलिटर आम्ल अमोनियाने वापरले. तो १ मिलिमोल, अर्थात १४ मिलिग्रॅम नायट्रोजन. एवढ्यासाठी शुद्ध क्षार ५३.५ मिलिग्रॅम पुरला असता, तेव्हा नमुना सुमारे ८९ टक्के शुद्ध ठरतो. इथे दर्शक (रंग बदलून शेवट दाखवणारा पदार्थ) मिथिल रेड घ्यावा, फिनॉल्फ्थॅलीन नव्हे. चंचूपात्रात अमोनियम आयन असतो, तो स्वतः सौम्य आम्ल आहे, आणि त्यामुळे समतुल्यतेच्या वेळी, म्हणजे उरलेले आम्ल नेमके संपते तेव्हा, सामू ५ च्या आसपास असतो. फिनॉल्फ्थॅलीन ८.२ च्या पुढे रंगते. तिथे पोहोचेपर्यंत अमोनियमच अल्कली खाऊ लागतो आणि नायट्रोजनचा आकडा कमी येतो.

काम संपल्यावर मिश्रधातूची नळी बुडबुडे थांबेपर्यंत झाकण न लावता ठेवावी. उरलेले द्रावण विरंजकाशी (ब्लीचशी) कधीही मिसळू नये, कारण अमोनिया व हायपोक्लोराइट यांच्यापासून विषारी क्लोरामाइने बनतात. मिश्रधातू गाळून घेतल्यावर द्रावणात विरल आम्ल थेंबाथेंबाने घालत जावे. निळा लिटमस त्यात तांबडा होईपर्यंत अमोनियाचा वास केव्हाच गेलेला असतो : प्रोटॉन परत मिळाला की तो पुन्हा अमोनियम होऊन पाण्यातच राहतो.