सब्लिमेशन प्रिंट: प्रेस खाली ओढण्याआधीची कामं

काम शिकायला येणारी मुलं पहिल्याच दिवशी विचारतात, "ताई, तापमान किती ठेवायचं?" मी त्यांना आधी शर्टाचं लेबल वाचायला लावते. सब्लिमेशनमध्ये डिझाइन आधी कागदावर छापायचं आणि मग तो कागद हीट प्रेसच्या तापलेल्या प्लेटखाली शर्टावर दाबायचा. ही शाई उष्णतेने वायुरूप होऊन पॉलिस्टरच्या धाग्यात शिरते आणि थंड झाली की तिथेच अडकते. कॉटनमध्ये ती टिकत नाही, काही धुण्यांतच उडते. पॉलिस्टर 65 टक्क्यांच्या आसपास असेल तर प्रिंट फिकट, जुनाट दिसणार हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा. कॉफीचे मग आणि धातूच्या प्लेटवर पॉलिमरचं कोटिंग लागतं तेही याचसाठी.

या कामात पांढरी शाई नसते. डिझाइनमधला पांढरा म्हणजे कापडाचा रंग. पिवळ्या शर्टावर निळा हिरवट येणार. काळ्या शर्टाचा नाद सोडून द्या.

आता फाइल. माझ्या मते निम्मं काम इथेच होतं, आणि घाई पण इथेच केली जाते. छापायच्या मूळ मापात 300 डीपीआय (एका इंचात 300 ठिपके) हवेत; 25 सेंमी रुंद डिझाइनला साधारण 2950 पिक्सेल. चार जणांकडून फिरून आलेला फोटो असेल तर सरळ मूळ फाइल मागा. लहान फोटो ताणून मोठा केला की पिक्सेल वाढतात, तपशील वाढत नाही.

बॅकग्राउंड काढल्यावर डिझाइनच्या खाली एक भडक गुलाबी किंवा हिरवा लेयर टाकून बघाच. केसांच्या, अक्षरांच्या कडेला राहिलेली राखाडी झालर पांढऱ्या स्क्रीनवर दिसत नाही, कापडावर मात्र मळकट दिसते. दुसरी फसवी गोष्ट म्हणजे "जवळजवळ पांढरा". आरजीबीचे (लाल, हिरवा, निळा) तिन्ही आकडे 255 नसतील, 250 असतील, तरी प्रिंटर तिथे हलकी शाई टाकतो आणि छातीवर डिझाइनभोवती फिकट चौकोन उमटतो. कलर पिकरने कोपऱ्यात क्लिक करून आकडा वाचायचा, डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही.

फाइल आरजीबीतच ठेवा. शाई आणि कागदाला जुळणारं आयसीसी प्रोफाइल, म्हणजे रंग जुळवणारी फाइल, सॉफ्टवेअरमध्ये तरी लावा नाहीतर प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये. दोन्हीकडे लावलं की रंग बिघडलेच. मिररचंही, म्हणजे डिझाइन आरशासारखं उलटं छापण्याचंही, तेच: दोनदा उलटं केलं की अक्षरं परत सरळ, आणि शर्टावर उलटी.

छापायचं कागदाच्या कोटिंगच्या बाजूला. कागदावर रंग मरगळलेले दिसतात म्हणून डिझाइनमध्ये भडकपणा वाढवू नका, ते प्रेसमध्येच खुलतात. शाई नीट सुकू द्या. उरलेला कागद पिशवीत बंद करून ठेवा, कारण ओल हा या कामाचा मोठा शत्रू आहे: डाग पडतात, शाई पसरते. म्हणूनच शर्टही आधी नुसताच 5 ते 10 सेकंद दाबून घ्यायचा. मग लिंट रोलर, म्हणजे तंतू उचलणारा चिकट रोलर, फिरवायचा. डोळ्याला न दिसणारा एखादा तंतू प्रेसखाली गेला की पांढऱ्या कापडावर निळी रेघ कायमची.

शर्टाच्या आत एक कागद, म्हणजे शाई पाठीवर उतरणार नाही. वर साधा कोरा कागद, दरवेळी नवा. वापरलेल्या कागदात मुरलेली शाई पुढच्या शर्टावर उठते. डिझाइनचा कागद उष्णतारोधक टेपने पक्का करा. 190 ते 200 अंश सेल्सिअस, 45 ते 60 सेकंद, दाब मध्यम. फार दाबलं तर कागदाच्या कडेची चौकट कापडावर उठते. कडा कात्रीने कापण्याऐवजी हाताने फाडल्या तर ती बरीच कमी होते. वेळ संपली की प्रेस हळूच उघडा आणि कागद गरम असतानाच एका दमात उचला. तो घसरून पुन्हा टेकला तर डबल प्रतिमा आलीच.

मगला जास्त वेळ लागतो, बहुधा दोन ते चार मिनिटं, पण कोटिंगप्रमाणे फरक पडतो, म्हणून तो मग विकणाऱ्याने सांगितलेले आकडे पाळा. कागद इतका ताणून बसवा की बोटाने सरकता कामा नये. खोलीत हवा खेळती ठेवा, वाफ नाकात घेऊ नका.

रंग फिके आले तर उष्णता किंवा वेळ कमी पडली. काळा तपकिरी झाला तर बहुतेक वेळा जास्त भाजलं गेलं. तसं नसेल तर प्रोफाइल तपासा. एकाच कोपऱ्यात फिकं असेल तर प्रेसची प्लेट सगळीकडे सारखी तापत नाहीये, स्क्रीनवरचा आकडा काहीही सांगो. थर्मामीटरने चारही कोपरे मोजा. आणि सेटिंग बदलताना एका वेळी एकच बदला, चाचणीच्या कापडाच्या तुकड्यामागे तापमान, वेळ, दाब लिहून ठेवा.