अलाबामाचा ॲडमिट आलाय? मग आधी युनिव्हर्सिटी नीट कशी बघायची ते वाचा

ॲडमिट आल्याचं घरी सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "अलाबामा? तिथं कोण जातं शिकायला?" मग मावसभाऊ सांगतो तिथं नुसता फुटबॉल चालतो, काका म्हणतात तिकडं वर्णद्वेष फार, आणि बहीण रीलमधल्या सोरोरिटीच्या, म्हणजे कॉलेजातल्या मुलींच्या क्लबच्या, मुली दाखवते, एकसारखे ड्रेस घालून नाचणाऱ्या. मी सांगलीहून अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, टस्कलूसाला एमएस करायला गेलो तेव्हा मलाही एवढंच माहीत होतं. यातलं काहीच खोटं नाहीये बरं का, तिन्ही गोष्टी तिथं आहेत. फक्त एवढ्यावरून आपण तिथं जावं की जाऊ नये हे ठरवता येत नाही, आणि दर वर्षी पोरं नेमकं एवढ्यावरूनच ठरवतात म्हणून लिहायला बसलोय.

सगळ्यात आधी ॲडमिट लेटरवरचं नाव नीट वाचा. अलाबामा सिस्टीममध्ये तीन वेगवेगळ्या युनिव्हर्सिट्या आहेत: टस्कलूसाची यूए, बर्मिंगहॅमची यूएबी आणि हंट्सव्हिलची यूएएच. तिघींचं ॲडमिशन वेगळं, डिग्री वेगळी, स्वभावही वेगळा. मेडिकल, पब्लिक हेल्थ, बायोमेडिकल म्हटलं की यूएबी. हंट्सव्हिलला नासाचं मार्शल स्पेस फ्लाइट सेंटर आहे, त्यामुळे एरोस्पेसवाल्यांची ओढ तिकडं. फुटबॉलचं वेड, मोठं क्वॉड (कॅम्पसच्या मधलं हिरवं मैदान), सोरोरिटीचे बंगले हे सगळं टस्कलूसाचं. आणि ऑबर्न ही चौथी, ती या सिस्टीममध्येच नाही, ती कट्टर प्रतिस्पर्धी. ॲपलचा टिम कुक ऑबर्नचा, १९८२ सालचा इंडस्ट्रियल इंजिनिअर, त्यामुळे टस्कलूसात त्याचं नाव आपली शान म्हणून सांगू नका.

आता अभ्यासाचं. पूर्ण युनिव्हर्सिटीचा रँकिंग नंबर बघून तुम्हाला काहीही कळणार नाही, आणि का कळणार नाही ते समजून घ्या. २००३ मध्ये टस्कलूसाच्या यूएत वीस हजारांच्या आसपास विद्यार्थी होते, २०१२ पर्यंत ते तेहतीस हजारांच्या पुढं गेले आणि आता चाळीस हजार ओलांडलेत. तेव्हाचे प्रेसिडेंट रॉबर्ट विट यांनी हे ठरवून केलं. राज्य सरकारचा पैसा कमी होत होता, मग बाहेरच्या राज्यातली मुलं आणायची, त्यांच्याकडून जास्त फी घ्यायची, आणि त्यातल्या हुशार मुलांना, खास करून नॅशनल मेरिट या देशपातळीवरच्या स्पर्धेत निवडलेल्यांना, मोठ्या स्कॉलरशिप द्यायच्या. आज अंडरग्रॅडमधली निम्म्याहून जास्त मुलं अलाबामाबाहेरची आहेत, म्हणजे ज्याला आपण 'तिकडचे लोक' म्हणतो त्यातले कितीतरी शिकागोच्या, अटलांटाच्या, डॅलसच्या उपनगरांतून आलेले असतात. एवढ्या वेगानं वाढलेल्या जागेत काही डिपार्टमेंट खूप पुढं गेलेली असतात, काही तशीच राहिलेली. एका आकड्यात ते कसं मावणार? २०१८ पासून कार्नेगीच्या, म्हणजे अमेरिकेतल्या युनिव्हर्सिट्यांच्या, वर्गवारीत ती आर वन आहे, म्हणजे रिसर्चच्या बाबतीत सगळ्यात वरचा गट, पण तेही पूर्ण युनिव्हर्सिटीला लागू, तुमच्या लॅबला नाही.

म्हणून डिपार्टमेंटचं पान उघडा आणि प्रोफेसरांची यादी घेऊन बसा. गेल्या तीन वर्षांत कुणाचे पेपर आलेत, त्यावर विद्यार्थ्यांची नावं आहेत का, ते विद्यार्थी आता कुठं नोकरीला आहेत, हे एका रविवारी दुपारी होण्यासारखं काम आहे. आणि तो विषय तिथंच का वाढला असेल याचाही विचार करा, कारण स्टेट युनिव्हर्सिटी राज्याच्या गरजेवर वाढते. बर्मिंगहॅम लोखंड-पोलादावर उभं राहिलेलं शहर, त्यामुळे टस्कलूसात मेटलर्जी जुनी आहे. व्हान्सला मर्सिडीजचा कारखाना आहे, १९९७ पासून गाड्या काढतोय, कॅम्पसपासून अर्ध्या तासाच्या आत, म्हणून मेकॅनिकलवाल्यांना को-ऑपची, म्हणजे शिकता शिकता कंपनीत पगारी काम करायची, संधी जवळ. पाणी, पूर, हायड्रॉलॉजी असा विषय असेल तर एकच गोष्ट सांगतो, अमेरिकेच्या सरकारचं नॅशनल वॉटर सेंटर याच कॅम्पसवर आहे, देशभरातल्या नद्यांच्या पुराचे अंदाज जिथं तयार होतात ते. आम्ही सांगलीकर, २०१९ चा कृष्णेचा पूर बघितलेली माणसं, मला त्या इमारतीसमोरून जाताना प्रत्येक वेळी आयर्विन पूल आठवायचा. कॉम्प्युटर सायन्सवाल्यांनी मात्र डोळे उघडे ठेवून जा, मोठ्या टेक कंपन्या इथं दारात नाहीत, इंटर्नशिपसाठी उन्हाळ्यात दुसऱ्या शहरात जावंच लागतं आणि त्याची तयारी पहिल्या महिन्यापासून करावी लागते.

पैशाचं विचारायला लाजू नका. असिस्टंटशिप (शिकवण्यात किंवा रिसर्चमध्ये मदत करून मिळणारा पैसा) मिळतेय असं नुसतं तोंडी कुणी सांगितलं तर धरून चालू नका, मेल करून विचारा: किती महिन्यांची आहे, नऊ की बारा, ट्यूशन पूर्ण माफ आहे की अर्धी, हेल्थ इन्शुरन्स त्यात येतो का, बाकीची फी कुणी भरायची. माझ्या ओळखीतल्या एका मुलीनं दुसऱ्या एका राज्यातल्या कॉलेजला हे विचारलं नव्हतं आणि पहिल्या सेमिस्टरला वडिलांना जमिनीवर कर्ज काढावं लागलं, म्हणून हे इतकं पुन्हा पुन्हा सांगतोय.

मग येतो फुटबॉल. म्हणजे अमेरिकन फुटबॉल, हातात धरून पळायचा. बाहेरचे लोक दोनपैकी एक समजतात, खेळावर उधळतात म्हणून शिक्षणाला पैसा उरत नाही, नाहीतर फुटबॉलमुळे सगळ्या लॅब श्रीमंत. दोन्ही चूक. ॲथलेटिक्सचं बजेट वेगळं असतं, त्यातला मुख्य पैसा टीव्हीचे हक्क, तिकिटं आणि देणगीदार यांच्याकडून येतो, तो तुमच्या स्टायपेंडमध्ये येत नाही. फुटबॉलनं जे दिलं ते नाव. निक सेबन २००७ ला कोच म्हणून आले आणि जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी इथं सहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली, त्या काळात अर्जही वाढत गेले. त्यांच्या आधी बेअर ब्रायंट होते, १९५८ ते १९८२, त्यांचीही सहाच. स्टेडियमबाहेर विजेतेपद मिळवून देणाऱ्या कोचचे पुतळे ओळीनं उभे आहेत.

हे बाहेरून कळत नाही, एकदा बघावंच लागतं. शहराची लोकसंख्या साधारण लाखभर आणि ब्रायंट-डेनी स्टेडियमची क्षमता १,००,०७७. गणपती विसर्जनाच्या दिवशी पुण्यात लक्ष्मी रोडला जे होतं ते इथं शनिवारी होतं. तिकीट मिळालं नाही तरी सकाळी क्वॉडवर जा. तिथं तंबू पडलेले असतात, लोक शेगड्या पेटवून बसलेले, अनोळखी माणसाला बोलावून खायला घालतात. मॅचच्या तासभर आधी गॉर्गस लायब्ररीच्या पायऱ्यांवर मिलियन डॉलर बँड वाजवतो, ते ऐका. कुणी 'रोल टाइड' ही टीमची घोषणा म्हटली तर उत्तरही 'रोल टाइड' एवढंच, हाय-बाय-थँक्यू सगळ्याला चालतं. आणि ज्यांच्याशी नीट ओळख नाही त्यांच्यापुढं २०१३ ची ऑबर्नविरुद्धची मॅच काढू नका. शेवटच्या सेकंदाला अलाबामानं गोलसाठी मारलेला बॉल कमी पडला, ऑबर्नच्या खेळाडूनं तो झेलला आणि अख्खं मैदान पळत जाऊन मॅच जिंकली. अजून दुखतं लोकांना.

या वेडाची वाईट बाजूही सांगतो. २०१० च्या ऑबर्नविरुद्धच्या मॅचनंतर अलाबामाच्या एका फॅननं ऑबर्नमधल्या टूमर्स कॉर्नरच्या, तिथले फॅन जिंकल्यावर जिथं जमतात त्या, जुन्या ओक झाडांना विष घातलं, ती झाडं वाचली नाहीत, २०१३ ला काढावी लागली. आणि चांगली बाजू त्याच्या लगेच नंतरची. २७ एप्रिल २०११ ला टस्कलूसावरून भयंकर टोर्नॅडो गेला, माणसं गेली, वस्त्या सपाट झाल्या, तेव्हा मदत घेऊन आलेल्यांत ऑबर्नचे फॅन पुढं होते. 'टूमर्स फॉर टस्कलूसा' असं नाव देऊन त्यांनी काम उभं केलं, झाडांचं दुःख ताजं असताना. मला या राज्याबद्दल कुणी विचारलं तर मी या दोन गोष्टी जोडूनच सांगतो.

फुटबॉलशिवायही बरंच आहे जे बाहेर कुणाला माहीत नसतं. मुलींच्या जिम्नॅस्टिक्सची सहा राष्ट्रीय विजेतेपदं आहेत. व्हीलचेअर बास्केटबॉलची टीम तर देशातल्या सगळ्यात भारी टीमपैकी, त्यांच्यासाठी स्ट्रॅन-हार्डिन नावाचं वेगळं अरिना बांधलंय. ती मॅच नक्की बघा, खुर्च्यांची टक्कर होते तो आवाज विसरणार नाही.

वर्णद्वेषाचं काका म्हणतात ते उडवून लावू नका आणि नुसतं ऐकून घाबरूही नका, स्वतः जाऊन बघा. पहिल्या आठवड्यातच फॉस्टर ऑडिटोरियमपाशी जा. ११ जून १९६३ ला गव्हर्नर जॉर्ज वॉलेस तिथल्या दारात उभे राहिले, व्हिव्हियन मलोन आणि जेम्स हूड या दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना आत जाऊ द्यायचं नाही म्हणून. राष्ट्राध्यक्ष केनेडींनी नॅशनल गार्ड हे राज्याचं लष्करी दल केंद्राच्या ताब्यात घेतलं तेव्हा वॉलेस बाजूला झाले. मलोन १९६५ ला पदवी घेऊन बाहेर पडल्या. हूड काही आठवड्यांतच सोडून गेले, पण परत आले आणि १९९७ ला त्यांनी तिथूनच डॉक्टरेट घेतली. त्याही आधी १९५६ मध्ये ऑथरिन लूसी आल्या होत्या, वर्गात तीनच दिवस बसता आलं, जमाव चालून आला आणि युनिव्हर्सिटीनं जमावाला आवरायचं सोडून त्यांनाच काढलं. तो आदेश रद्द व्हायला १९८८ उजाडलं. १९९२ ला त्यांनी तिथूनच एमए केलं. आता तिथं मलोन आणि हूड यांच्या नावाचा चौक आहे, लूसींच्या नावाचा क्लॉक टॉवर आहे.

पण टॉवर बघून परत फिरू नका, पुढचंही वाचा. २०२२ च्या फेब्रुवारीत एका इमारतीला लूसींचं नाव द्यायचं ठरलं, तर आधी ते नाव ग्रेव्हज या जुन्या गव्हर्नरच्या नावाला जोडून दिलं, ज्यांचा कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांच्या संघटनेशी संबंध होता. विद्यार्थी आणि बाकीचे लोक बोलले, टीका झाली, आणि काही दिवसांतच विश्वस्तांनी निर्णय फिरवून इमारत फक्त लूसींच्या नावाची केली. समारंभाला त्या स्वतः आल्या होत्या, त्यानंतर आठवडाभरात वारल्या. सोरोरिटीचंही तेच, २०१३ मध्ये विद्यार्थ्यांच्याच क्रिमसन व्हाइट पेपरनं छापलं की कृष्णवर्णीय मुलीला घ्यायला माजी सदस्या आडव्या येतात, कॅम्पसवर मोर्चा निघाला, मग दारं उघडायला लागली. म्हणजे २०१३! रील बघताना हे लक्षात असू द्या. २०२४ मध्ये राज्यानं कायदा करून सरकारी युनिव्हर्सिट्यांमधली डायव्हर्सिटी ऑफिसं बंद केली, म्हणून तुम्हाला मदत करणारं इंटरनॅशनल ऑफिस आणि विद्यार्थी संघटना आज कशा चालतात हे आत्ता तिथं असलेल्यांनाच विचारा, पाच वर्षांपूर्वीच्या सीनियरला नाही. माझा अनुभव बरा होता, माणसं अदबीनं वागायची. पण माझ्या लॅबमधल्या कृष्णवर्णीय मित्राचा अनुभव माझ्यासारखा नव्हता, आणि तो मी नीट बसून विचारला तेव्हाच मला कळला. तुम्हीही विचारा.

रोजच्या जगण्याचं थोडक्यात. गाडी लागते, बसवर भागत नाही. टोर्नॅडोचा सायरन वाजला की व्हिडिओ काढत बाल्कनीत उभं राहायचं नाही, खालच्या मजल्यावर आतल्या खोलीत जायचं, घर घेतानाच ती खोली कुठली ते बघून ठेवा. मोठ्यांना 'मॅम', 'सर' म्हणायची पद्धत आहे, आपल्याला ते जड जात नाही. "तुम्ही कुठल्या चर्चला जाता?" असं पहिल्याच भेटीत विचारतात, त्यात चौकशीपेक्षा आपुलकी जास्त असते, सरळ सांगा की मी हिंदू आहे, बर्मिंगहॅमजवळ पेलमला देऊळ आहे तिथं जातो, लोक उत्सुकतेनं पुढचं विचारतात. शाकाहारी असाल तर पालेभाजीवर विश्वास ठेवू नका, टर्निपचा पाला डुकराच्या हाडाबरोबर शिजवायची तिथली रीत आहे, विचारूनच घ्या. तळलेली भेंडी सगळीकडे मिळते.

शेवटचं म्हणजे तिथं शिकणाऱ्या दोघांशी फोनवर बोला, एक तुमच्या डिपार्टमेंटचा आणि एक तिथंच लहानाचा मोठा झालेला. पहिल्याला विचारा तुझा गाइड आठवड्यातून किती वेळा भेटतो, दुसऱ्याला विचारा तुझ्या गावाबद्दल बाहेरचे लोक काय चुकीचं बोलतात. दुसऱ्याचा फोन लांबेल, वेळ काढून बसा. आणि ऑगस्टमध्ये पोचलात की हायवेच्या कडेला 'बॉइल्ड पीनट्स' अशी हातानं लिहिलेली पाटी दिसेल, तिथं गाडी थांबवा. मिठाच्या पाण्यात उकडलेल्या शेंगाच आहेत त्या, गरम, अगदी आपल्या घरच्यासारख्या.