ब्लू पिलला एसटी-लिंक जोडायचाय? आधी तारा बघा, सॉफ्टवेअर नंतर

एसटी-लिंक व्ही२ म्हणून पेन ड्राइव्हएवढा रंगीत अ‍ॅल्युमिनियमचा जो नकली डबा मिळतो (कॉम्प्युटरवरून चिपमध्ये कोड टाकणारा आणि डीबग करणारा), तो आणि ब्लू पिल, म्हणजे एसटी कंपनीच्या एसटीएम३२एफ१०३सी८टी६ या मायक्रोकंट्रोलर चिपवाला निळा बोर्ड, अशी जोडी घेऊन नवीन माणूस बसला की पहिली संध्याकाळ "कनेक्टच होत नाहीये" यातच जाते. मग ड्रायव्हर उडव, आयडीई (कोड लिहायचं सॉफ्टवेअर) परत टाक, लॅपटॉप रीस्टार्ट कर असं सगळं करून होतं आणि घोळ निघतो चार तारांमध्ये. मी पण हेच केलंय म्हणून सांगतोय.

तर चारच तारा. जीएनडी (ग्राउंड), एसडब्ल्यूडीआयओ (डेटा), एसडब्ल्यूसीएलके (क्लॉक) आणि ३.३ व्होल्ट. बोर्डाच्या टोकाला जी चार पिनांची ओळ असते तिथेच लावायच्या. यूएआरटीत (सीरियल पोर्टमध्ये) टीएक्सला आरएक्स असं उलटं जोडतो तसं इथे करायचं नाही, डीआयओला डीआयओ आणि क्लॉकला क्लॉक, सरळ. चिपच्या बाजूने डीआयओ म्हणजे पीए१३ आणि क्लॉक म्हणजे पीए१४, हे डोक्यात ठेवा, खाली लागणार आहे.

आता डब्यावर जे पिनांचे नकाशे छापलेले असतात त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. माझ्याकडे दोन डबे आहेत, एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतलेले, दिसायला जुळे भाऊ, पण पिनांचा क्रम वेगळा, आणि त्यातल्या एकाच्या कव्हरवर एक छापलंय आणि आत भलतंच. कव्हर नुसतं सरकवलेलं असतं, ओढलं की निघतं, आत पीसीबीवर कनेक्टरच्या मागे पिनांची नावं असतात, ती खरी धरायची. मोबाइलवर फोटो काढून ठेवा, दर वेळी उघडायला नको. हे एवढ्यासाठी सांगतोय की बऱ्याच डब्यांवर ३.३ला लागूनच ५ व्होल्टच्या पिना असतात, आणि एफ१०३ चालते २ ते ३.६ व्होल्टवर, ४च्या वर गेलं की चिपची गॅरंटी नाही. एक घर चुकलं की बोर्ड गेला.

पॉवर एकाच ठिकाणाहून द्या. डब्याचे ३.३ जोडले असतील तर ब्लू पिलची यूएसबी काढून ठेवा, आणि यूएसबीवरच चालवायचा असेल तर ३.३ची तार काढा, पण जीएनडी मात्र कायम जोडलेला पाहिजे, तो नसेल तर बाकी तारा असून नसून सारख्या. सॉफ्टवेअरमध्ये टार्गेट व्होल्टेज, म्हणजे समोरच्या बोर्डाचा व्होल्टेज, ३.२ वगैरे दिसलं म्हणून खूश होऊ नका, नकली डबा बरेचदा स्वतःचाच व्होल्टेज सांगत असतो. मल्टिमीटर लावून बोर्डावरच बघा. ओरिजिनल २० पिनांच्या एसटी-लिंकचं गणित बरोब्बर उलटं आहे, त्याची व्होल्टेजची पिन बोर्डाला पॉवर देत नाही, बोर्डाचा व्होल्टेज किती आहे ते नुसतं वाचते, म्हणजे बोर्डाला पॉवर वेगळी द्यायची आणि ती तारही जोडायची.

एवढं झालं की ओपनओसीडी (एसटी-लिंकमार्फत चिपशी बोलणारं सॉफ्टवेअर) चालू करा, इंटरफेस म्हणून एसटीलिंकची आणि टार्गेट म्हणून एसटीएम३२एफ१एक्सची कॉन्फिग फाइल द्या. सगळं नीट असेल तर जीडीबी या डीबगरसाठी ३३३३ पोर्टवर थांबलोय असं म्हणतो, टेलनेट ४४४४वर. लिनक्सवर परमिशनचा एरर आला तर ओपनओसीडीसोबत यूडेव्हची (यूएसबी उपकरणं वापरायची परवानगी ठरवणारी) रूल्स फाइल येते ती टाकायची आणि डबा काढून परत लावायचा, उगाच सुडोने चालवायची सवय लावून घेऊ नका. आयडीकोड (चिपच्या डीबग भागाचा ओळख क्रमांक) १बीए०१४७७ ऐवजी २बीए०१४७७ आहे म्हणून ओरडला तर बोर्डावर बहुतेक एसटीच्या चिपची नक्कल बसवलेली आहे. घाबरू नका, टार्गेट फाइलच्या आधी सीपीयूटीएपीआयडी या सेटिंगची किंमत २बीए०१४७७ करून दिली की चालतो. मधेच तुटतंय, कधी लागतं कधी नाही, असं असेल तर तारा लांब आहेत, १०-१५ सेंटीमीटरच्या घ्या आणि स्पीड ४८०, तरी नाही तर २४० किलोहर्ट्झवर आणा.

आता सगळ्यात छळणारा प्रकार. पहिल्यांदा कोड मस्त गेला, एलईडी लुकलुकला, आणि दुसऱ्यांदा टाकायला गेलात तर बोर्ड मेल्यासारखा. तो मेलेला नसतो. क्यूबएमएक्समध्ये (पिनांची सेटिंग करून सुरुवातीचा कोड बनवणारं एसटीचं सॉफ्टवेअर) एसवायएसखाली डीबगला "नो डीबग" राहिलं की तुमचाच कोड चालू होताक्षणी पीए१३-पीए१४चं डीबगचं काम बंद करतो, म्हणजे आपणच आत जाऊन कडी लावून घेतल्यासारखं. तिथे "सीरियल वायर" करायचं, प्रोजेक्ट बनवल्या बनवल्या, एलईडीची पिन निवडायच्याही आधी. मी पहिला बोर्ड याच कारणाने कचऱ्यात टाकला, चांगला बोर्ड हो.

अडकलाच असाल तर बूट०चा जंपर १कडे करा आणि रिसेट दाबा. चिप आता फ्लॅशमधला तुमचा कोड सोडून कारखान्यातून आलेल्या बूटलोडरमधून उठते, त्यामुळे पिना मोकळ्या राहतात. कनेक्ट करा, फुल चिप इरेज मारा, जंपर परत ०वर आणा. कोडमध्ये स्लीप किंवा स्टॉप मोड असल्यामुळे पकडता येत नसेल तरी हाच उपाय. दुसरा मार्ग म्हणजे रिसेटचं बटण दाबून धरायचं, कनेक्टवर क्लिक करायचं आणि लगेच सोडायचं, टायमिंग जमायला दोन-तीन खेपा लागतात. डब्यावरच्या आरएसटी पिनेच्या भरवशावर मात्र राहू नका, बऱ्याच नकली डब्यांमध्ये ती एसटीच्या एसटीएम८ या वेगळ्या चिपांसाठी असते आणि इथे काहीच करत नाही.

घरात न्यूक्लिओ-६४ (एसटीचा स्वतःचा बोर्ड, ज्यावर एसटी-लिंक आधीच असतो) पडलेला असेल तर डबा विकत घ्यायची गरजच नाही. त्याचे सीएन२वरचे दोन्ही जंपर काढले की वरचा एसटी-लिंक बाहेरच्या बोर्डासाठी मोकळा होतो, मग सीएन४वरून तारा घ्या: पहिली पिन टार्गेटचा व्होल्टेज, दुसरी क्लॉक, तिसरी जीएनडी, चौथी डीआयओ, पाचवी एनआरएसटी (रिसेट). ही पाचवी खरी चालते, त्यामुळे "कनेक्ट अंडर रिसेट" निवडून अडकलेला बोर्ड जंपरला हात न लावता सुटतो.