पट्टी बांधण्याआधी: संवादाचे खेळ घेणाऱ्या नव्या प्रशिक्षकांसाठी

कंपन्यांमध्ये प्रशिक्षण द्यायला नव्याने सुरुवात करणारी मुलं-मुली माझ्याकडे सगळ्यांत आधी खेळांची यादी मागतात. मी यादी देत नाही, दोनच खेळ देते: पाठीला पाठ लावून चित्र काढणं आणि डोळ्यांवर पट्टी बांधून दोराचा चौकोन करणं. हे दोन मन लावून घ्या. यादी नंतर आपोआप वाढते.

पहिल्या खेळात एकाच्या हातात आकृती असते, तिरपे-सरळ टेकलेले काही चौकोन. तो नुसत्या शब्दांत सांगतो आणि पाठमोरा बसलेला जोडीदार कागदावर काढतो. पहिल्या फेरीत काढणाऱ्याने 'हं'सुद्धा म्हणायचं नाही. दुसऱ्या फेरीत नवी आकृती, पण आता वाटेल ते विचारायची मुभा. या खेळामागे पक्कं संशोधन आहे. लेविट आणि म्युलर यांनी १९५१ साली अमेरिकेत विद्यार्थ्यांवर जवळपास असाच प्रयोग करून निष्कर्ष छापले. प्रश्न विचारता आले की आकृत्या जास्त अचूक येतात, काढणाऱ्याची खात्री वाढते, मात्र वेळही जास्त लागतो. हा वेळेचा भाग गाळू नका. समोर बसलेल्या सुपरवायझरची खरी अडचण तीच असते: 'विचारत बसलो तर प्रॉडक्शन कोण देणार?' त्याला उत्तर द्यायची घाई नको. दोन्ही फेऱ्यांचे कागद शेजारी शेजारी ठेवा आणि चुकीचं काम पुन्हा करायला किती वेळ जातो, हे त्यालाच सांगू द्या.

तुम्ही मात्र बघायचं ते सांगणाऱ्याच्या हातांकडे. जोडीदाराला काही दिसत नाही हे ठाऊक असूनही हात हवेत आकृती काढत राहतात. 'हे असं', 'जरा खाली', 'तिकडच्या बाजूला' असे शब्द वहीत टिपून ठेवा, चर्चेत ते सोन्याच्या मोलाचे ठरतात. आणखी एक करा. कागद उघडण्याआधी सांगणाऱ्याला अंदाज लिहायला लावा, किती जमलं असेल? अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या संशोधिकेने १९९० साली लोकांना ओळखीच्या गाण्यांचा ताल टेबलावर वाजवायला सांगितला होता. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्मी गाणी तरी ओळखली जातील. १२० पैकी ओळखली गेली फक्त ३. आपल्या डोक्यात गाणं वाजत असतं, समोरच्याला मात्र नुसती टकटक ऐकू येते. नव्या इंजिनिअरला मशीन समजावणारा अनुभवी ऑपरेटर नेमका इथेच अडकतो.

दुसऱ्या खेळाला आठ-दहा जण आणि टोकं बांधलेला लांब दोर लागतो. सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी, दोर हातात, आणि चौकोन करायचा. सुरुवातीला सगळे एकदम बोलतात, मग ज्याचा आवाज मोठा तो पुढारी होतो. बहुतेक वेळा कोणीतरी हळू आवाजात 'आधी दोर दुमडून मोजूया' असं म्हटलेलं असतं आणि ते विरून गेलेलं असतं. ते वाक्य कोणाचं होतं हे फक्त तुम्हाला दिसतं, कारण डोळे उघडे असलेले तुम्ही एकटेच आहात. चौकोन जमला की नाही यापेक्षा त्या वाक्याचं काय झालं, यावर चर्चा न्या.

कोणतं इंद्रिय बंद करायचं हे त्यांच्या कामावरून ठरवा. फोनवर दुसऱ्या शहरातल्या टीमशी बोलणाऱ्यांचे डोळे बंद करा. प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या गोंगाटाच्या विभागात, कानाला संरक्षण लावून काम करणाऱ्यांचं तोंड बंद करा आणि नुसत्या हातवाऱ्यांवर काम काढून घ्यायला सांगा. क्रेनचा ऑपरेटर आणि खालून खुणा करणारा माणूस रोज तेच करत असतात. त्यांना पट्टी बांधून काही साधत नाही.

आता जपायच्या गोष्टी. जमीन सपाट हवी आणि पट्टी ज्याची त्याने स्वतः बांधायची, स्वतःच्या रुमालाने किंवा ओढणीने. अंधाराची भीती असते, चक्कर येते, कोणाला कारण सांगायचंच नसतं. अशांना आग्रह न करता निरीक्षक करा. एकमेकांना धरून चालवण्याचे खेळ अनोळखी, मिश्र गटात घेऊच नका. दोर धरायला कोणालाच संकोच वाटत नाही. गटात कोणाला कमी दिसतं किंवा ऐकू येतं का, हे आधीच विचारून त्यांच्याशी बोलून खेळ ठरवा. आणि पट्टी सोडल्यावर 'आता कळलं ना अंध असणं कसं असतं?' असं कृपा करून म्हणू नका. घटकाभर चाचपडणं वेगळं आणि आयुष्यभर कमावलेलं कौशल्य वेगळं.

ते कौशल्य दाखवायचं असेल तर अंधांचं क्रिकेट दाखवा. चेंडूत छर्रे असतात, तो खुळखुळत येतो. गोलंदाज आधी 'रेडी?' विचारतो, फलंदाज 'येस' म्हणतो आणि मगच 'प्ले' म्हणत चेंडू सोडला जातो. उत्तर आल्याशिवाय चेंडू नाही. शिफ्ट बदलताना मशीनची अडचण सांगितली आणि पुढच्याने ती आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवली, की तीच शिस्त कारखान्यात येते. मी माझ्या प्रत्येक गटाला हे उदाहरण देतेच.

चर्चेला खेळाइतकाच वेळ राखून ठेवा. पहिला प्रश्न 'काय शिकलात?' असा नको, 'काय झालं?' असा हवा, आणि तो सगळ्यांत गप्प बसलेल्याला आधी विचारा. कंपनीने दोन तासांत पाच खेळ मागितले तर स्पष्ट सांगा की दोनच होतील.

सराव घरच्यांबरोबर किंवा कॉलेजच्या मित्रांबरोबर सुरू करा. दोर जाड सुती घ्या, नायलॉनचा ओढताना हाताला काचतो. आणि आकृत्यांचे दोन-तीन वेगवेगळे संच जवळ ठेवा, कारण सकाळच्या गटातले लोक जेवणाच्या सुट्टीत दुपारच्या गटाला सगळं सांगून टाकतात.